कलम १९ आणि ग्रंथालयाची किल्ली

गेल्या जानेवारीत, प्रजासत्ताकदिनाच्या आधीच्या आठवड्यात, नववीच्या वर्गात आम्ही एक लहानसा प्रयोग केला. प्रत्येकाने कागदाच्या चिठ्ठीवर, नाव न घालता, एकाच प्रश्नाचे उत्तर लिहावयाचे होते : "संविधानाने तुम्हांस भाषणस्वातंत्र्य दिले आहे, म्हणजे नेमके काय दिले आहे?" नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ह्याचे उत्तर आहे आणि परीक्षेत मुले ते बिनचूक लिहितात, तेव्हा चिठ्ठ्या वाचावयास फार वेळ लागणार नाही, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात आम्ही त्या चिठ्ठ्या दोन रात्री वाचीत बसलो.

"मनाला येईल ते बोलण्याचा हक्क," असे पुष्कळांनी लिहिले होते. "कोणाचेही मन न दुखावता बोलण्याचा हक्क," असे लिहिणारेही पुष्कळ होते. एकाने हा हक्क मतदानाच्या हक्काबरोबर अठराव्या वर्षी मिळतो असे ठरवून टाकले होते. "मित्राने मला व्हॉट्सॲपच्या समूहातून काढले, हा माझ्या हक्काचा भंग होय," अशी एका चिठ्ठीवर तक्रार होती. आणि एका भाबड्या जीवाने "वक्तृत्वस्पर्धेत भाग घेण्याचा हक्क" असे लिहून तीन गुणांची मागणीही केली होती. हसू आले खरे. परंतु हेच प्रश्न वडीलधाऱ्यांस विचारले असते तर चिठ्ठ्या फार निराळ्या आल्या असत्या काय, ह्याविषयी आम्ही साशंक आहोत.

प्रथम वयाचा प्रश्न. संविधानाच्या कलम १९(१)(अ) मध्ये भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य "सर्व नागरिकांस" दिलेले आहे. त्यात वयाची अट नाही. अठरा वर्षांची अट मतदानास आहे, बोलण्यास नाही. नववीतला मुलगा नागरिक आहे, म्हणून हा हक्क त्याचाही आहे.

समूहातून काढलेल्या मित्राची गोष्ट मात्र वेगळी. हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध आहे. सरकारने, पोलिसांनी, नगरपालिकेने तुमचे तोंड बंद करू नये, ह्यासाठी तो आहे. शेजाऱ्याने तुमचे ऐकलेच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. आमच्या सराफ्यात हे रोज रात्री पाहावयास मिळते. दिवसा जेथे सोन्याचांदीची पारख चालते, तेथेच दुकानांच्या फळ्या लागल्यावर भुट्ट्याचा कीस, गराडू नि दहीवडे यांचे ठेले मांडले जातात, आणि द्रोण हातात घेऊन उभी असलेली मंडळी महानगरपालिकेपासून दिल्लीपर्यंत सर्वांचा यथेच्छ समाचार घेतात. ठेलेवाल्यास कंटाळा आला तर तो त्यांस पुढे व्हावयास सांगू शकतो. त्याने कलम १९ मोडले असे होत नाही. पण त्याच बोलण्याबद्दल एखादा पोलीस हवालदार त्यांस चौकीत घेऊन गेला, तर मात्र त्यास कायद्याचा आधार दाखवावा लागेल, आणि तो कायदा संविधानाच्या चौकटीत बसणारा असावा लागेल.

ही चौकट कोणती? "मनाला येईल ते" लिहिणाऱ्यांनी कलम १९ चा दुसरा खंड वाचलेला नसतो. भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता अथवा नीतिमत्ता, न्यायालयाची बेअदबी, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी, ह्या आठ कारणांसाठी कायद्याने निर्बंध घालता येतात. "मन दुखावणे" हे कारण त्या यादीत नाही, हे दुसऱ्या पक्षाने ध्यानात घ्यावे. धर्मभावना बुद्धिपुरस्सर व द्वेषाने दुखावणे हा दंडसंहितेत गुन्हा आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली तो ग्राह्य धरला तो सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर. कोणास वाईट वाटले एवढ्याने बोलणारा अपराधी ठरत नाही.

ही यादी प्रारंभापासून अशी नव्हती. १९५० साली मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' ह्या इंग्रजी साप्ताहिकास मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली, ती सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली. त्याच वर्षी २६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, कारण तेव्हाच्या संविधानात ते कारणच नव्हते. लगेच पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री व अपराधास चिथावणी ही तीन कारणे वाढली. सार्वभौमता व एकात्मता हे कारण १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने आले. परंतु पहिल्या दुरुस्तीने आणखी एक शब्द घातला, आणि आमच्या मते त्या दुरुस्तीतील तोच मोठा शब्द आहे : "वाजवी". निर्बंध वाजवी असला पाहिजे. सराफाच्या पेढीवर दागिना येतो, तेव्हा आणणाऱ्याने तो सोन्याचा म्हटला म्हणून भागत नाही. सराफ तो कसोटीवर घासून पाहतो. सरकारने निर्बंध आणला आणि तो आवश्यक आहे असे सांगितले, तरी न्यायालय तो ह्या शब्दावर घासून पाहते.

आमच्या मुलांस लोकमान्यांवरील खटले तोंडपाठ असतात. १८९७ साली 'केसरी'तील लेखनाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा, १९०८ साली सहा वर्षे मंडाले, हे सनांसह सांगतात. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० साली बंदी आली, हेही एखाद्यास ठाऊक असते. पण ह्या गोष्टींचा आणि कलम १९ चा काही संबंध आहे, असे त्यांच्या मनात येत नाही. इतिहासाचा तास निराळा आणि नागरिकशास्त्राचा निराळा! वस्तुतः लोकमान्य ज्या कलम १२४-अ खाली मंडालेस गेले, त्यातील "राजद्रोह" हा शब्द संविधानाच्या मसुद्यात निर्बंधांच्या यादीत होता, आणि डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुनशी यांच्या दुरुस्तीने तो घटनासमितीत काढला गेला. दंडसंहितेतील कलम मात्र राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते हिंसेस वा अव्यवस्थेस चिथावणी देणाऱ्या बोलण्यापुरते आकुंचित केले. सरकारवरील कडक टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, असे स्पष्ट केले. मे २०२२ मध्ये त्याची अंमलबजावणी न्यायालयाने थांबविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या नावाचे कलम नाही. तथापि देशाची सार्वभौमता, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे कलम १५२ आहे, आणि त्याचा अर्थ कसा लावला जातो हे आजच्या नववीच्या मुलांस मोठेपणी पाहावयाचे आहे.

आमची घरची बोली कोकणी. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यात लग्नाची निमंत्रणपत्रिका छापावयाची तरी ती आधी सरकारी तपासणीस दाखवावी लागे, ही गोष्ट आम्ही घरातील वृद्धांकडून ऐकत वाढलो. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया भाषणास उभे राहिले आणि त्यांस अटक झाली. भारतात संविधान १९५० साली आले. गोव्यातील माणसांस कलम १९ मिळावयास डिसेंबर १९६१ उजाडावे लागले. म्हणून असेल, पण "बोलण्याचे काय एवढे?" असे कोणी म्हटले की आम्हांस ती लग्नपत्रिका आठवते.

आता अलीकडचे उदाहरण, कारण मुलांचे बोलणे आज चौकात कमी नि मोबाईलवर अधिक असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघर येथील एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणारा मजकूर लिहिला. दुसरीने त्यास केवळ पसंती दर्शविली. दोघींसही अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम होते. त्याखाली "त्रासदायक" वाटणारा मजकूर पाठविणे हाही गुन्हा होता. श्रेया सिंघल ह्या तरुणीने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य म्हणून रद्द झाले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे ह्या तीन पायऱ्या निरनिराळ्या आहेत, आणि कायद्याचा हात तिसऱ्या पायरीशीच पोहोचतो, असे त्या निकालाने सांगितले. नवल पुढे आहे. रद्द झालेल्या त्याच कलमाखाली देशात गुन्हे नोंदविले जातच राहिले, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयास त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले. तेव्हा अज्ञान केवळ नववीच्या बाकांवर आहे, असे कोणी म्हणू नये.

शाळेच्या आवारातही हे कलम पोहोचले आहे. केरळमधील एका शाळेत तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांस शाळेतून काढण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस परत घ्यावयास लावले; बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचेही स्वातंत्र्य येते, हा त्या निकालाचा गाभा. अमेरिकेत १९६५ साली व्हिएतनामच्या युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून आलेल्या मुलांस शाळेने घरी पाठविले होते. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या कामात खरोखरीचा व्यत्यय येतो काय, हा तेथे प्रश्न होता.

हे सर्व आम्ही वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितले. मसुदासमितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या इंदुरापासून पंचवीस किलोमीटरांच्या आत, महूला जन्मले, १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढले आणि त्या नावातच सारे आले, हेही सांगितले. तास संपला. मुली-मुले उठली, आणि एका विद्यार्थिनीने विचारले, "मग माझा कागद का काढला?"

कागदाची हकीकत अशी. दिवाळीच्या सुटीनंतर तिने भित्तिपत्रकासाठी एक टिपण दिले होते. मथळा होता, 'ग्रंथालयाची किल्ली कोणाच्या खिशात?' कपाटे सदा कुलूपबंद, पुस्तक मागावे तर "उद्या ये", अशी तिची तक्रार होती. भाषा सभ्य होती. कोणाचे नाव नव्हते. ते लागले त्याच दिवशी मधल्या सुटीत आम्ही ते स्वहस्ते काढून घेतले. किल्ली आमच्याच खिशात होती.

आम्ही तिला प्रथम सांगितले की, भित्तिपत्रक शाळेचे आहे, त्यात काय लावावे हे संपादनाचे काम आहे, आणि संपादन म्हणजे मुस्कटदाबी नव्हे. हे खोटे नाही. ह्या वार्षिकाचे संपादकही आलेला प्रत्येक लेख छापीत नाहीत. तिने शांतपणे विचारले, "पण ते खरे नव्हते म्हणून काढले, की खरे होते म्हणून?" आठ कारणांची यादी फळ्यावर अजून पुसलेली नव्हती. तिच्या टिपणास त्यांतील एकही लागू पडत नव्हते. शाळेच्या कामात त्याने व्यत्ययही आणला नव्हता, आणला असलाच तर आमच्या स्वस्थतेत. आम्ही तिला त्या दिवशी उत्तर दिले नाही.

टिपण आमच्या टेबलाच्या खणात होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लागले, आणि त्याखाली आम्ही आमचे म्हणणे मांडले : ग्रंथपालाची जागा रिकामी आहे, गेल्या वर्षी काही पुस्तके परत आली नाहीत, म्हणून कुलूप. ते वाचून दहावीच्या मुलांनी मधल्या सुटीत नोंदवही आपण सांभाळतो असे लिहून दिले. आता किल्ली कार्यालयातील खुंटीवर असते आणि आठवड्यातून तीन दिवस कपाटे उघडतात. एक पुस्तक हरवले आहे. शोध चालू आहे.

त्या विद्यार्थिनीने ह्या आठवड्यात दुसरे टिपण दिले आहे. फळ्यावरील आमचे अक्षर मागच्या बाकांवरून वाचता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. ते सोमवारी लागेल.