शिरगणतीत आपलं गाव खरं उतरलं पाहिजे



लोकसंख्येत भारताने चीनला मागे टाकले, ही बातमी एप्रिल 2023 मध्ये आपण सर्वांनी वाचली. संयुक्त राष्ट्रसंघाने तेव्हा आपला आकडा 142 कोटींच्या पुढे धरला होता. पण तो अंदाज. दारोदार फिरून मोजलेला शेवटचा आकडा 2011 सालचा, 121 कोटींचा. 1881 पासून दर दहा वर्षांनी होत आलेली देशाची शिरगणती 2021 साली कोरोनामुळे हुकली. आता 16 जून 2025 च्या अधिसूचनेनुसार ती 1 मार्च 2027 ही तारीख धरून व्हायची आहे. प्रत्यक्ष माणसे मोजण्याचे काम बहुतेक देशात फेब्रुवारी 2027 मध्ये ठरले आहे.

तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला याच्याशी काय करायचं? करायचं आहे. रेशनचंच बघा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली आपल्या राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा मिळाली, ती 2011 च्या शिरगणतीवरून. त्यानंतर घरात सुना आल्या, नातवंडे झाली, पण मर्यादा तीच. ग्रामपंचायतीत 7 सदस्य असावेत की 17, अनुसूचित जाती-जमातींना किती जागा, निधी किती, हे सगळं डोकी मोजूनच ठरतं.

तोंडं वाढली, पोरं कमी झाली

1951 साली देशाची लोकसंख्या 36 कोटी होती आणि धान्य पिकत होते 5 कोटी टन. 2023-24 मध्ये धान्य 33 कोटी टनांवर गेले. माणसे चौपट झाली, धान्य साडेसहा पट झाले. हे तुमचे श्रेय आहे.

दुसरीकडे घरातला पाळणा कमी हलू लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 मध्ये एका बाईला सरासरी 3.4 मुले होत. 2019-21 मध्ये हा आकडा 2.0 वर आला. महाराष्ट्रात तो 1.7 आहे, बिहारमध्ये अजून 3 च्या घरात. आईबापांच्या जागी तेवढीच माणसे उभी राहायला 2.1 लागतात. तरीही लोकसंख्या वाढतेच आहे, कारण आधी जन्मलेली तरुण पिढी मोठी आहे.

जमीन मात्र वाढत नाही. 1970-71 मध्ये देशात सरासरी वहिवाट 2.28 हेक्टर, म्हणजे साडेपाच एकरांवर होती. 2015-16 मध्ये ती 1.08 हेक्टरवर आली. शेतकरीही घटले. 2001 ते 2011 या दहा वर्षांत स्वतः शेती कसणारे 12.73 कोटींवरून 11.88 कोटींवर आले, तर शेतमजूर 10.68 कोटींवरून 14.43 कोटींवर गेले. तुकडा परवडेना म्हणून धाकटा भाऊ मजुरीला लागला, असं घर तुमच्याही आळीत असेल.

मुलींचा आकडाही विसरू नका. 2011 साली महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, बीड जिल्ह्यात फक्त 807. ती मुले आता लग्नाच्या वयाला टेकली आहेत. "पोराला पोरगी मिळंना" या तक्रारीचं मूळ तिथं आहे.

बाईमाणसाची नोंद

मागे एका गावात शेतीशाळा घेतली. बीजप्रक्रिया कशी करायची ते सगळं समजावून सांगितलं. समोर बसले होते पुरुष. पेरणीच्या दिवशी बांधावर गेलो तर बियाणं बायकांच्या हातात, आणि त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही! चूक माझीच. सातबाऱ्यावरची नावं बघून मी बोलावणं धाडलं होतं.

हीच चूक शिरगणतीत होते. "मालकीण काय करते?" असं विचारलं की घरधनी सांगतो, "घरीच असते." प्रत्यक्षात 2011 च्या गणनेत काम करणाऱ्या बायकांपैकी सुमारे 65 टक्के शेतीत होत्या, आणि वहिवाटदार म्हणून बायकांची नोंद 2015-16 मध्ये जेमतेम 14 टक्के. घरच्या रानात विनामोबदला राबणं हेसुद्धा शिरगणतीच्या व्याख्येत कामच आहे. त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागत नाही. प्रगणक आला की स्पष्ट सांगा, "ती शेती करते." जमलं तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली अर्ज करून तिचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावून घ्या.

कोयत्यावर गेलेली माणसं

आता सर्वांत महत्त्वाचं. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या कित्येक वाड्या-तांड्यांत तेव्हा म्हातारी माणसं नि शाळकरी पोरंच असतात. मागच्या शिरगणतीचा नियम असा होता की, गणनेच्या संपूर्ण काळात जो बाहेर असेल त्याची नोंद तो जिथे असेल तिथे व्हावी. म्हणजे गावाकडं त्याचं नाव नाही, आणि फडावरच्या कोपीपर्यंत प्रगणक पोचला नाही, तर ते अख्खं कुटुंब देशाच्या हिशेबातून गळतं. त्यात कोपीत जन्मलेलं तान्हं बाळही आलं.

म्हणून कारखाना परिसरातल्या सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांना विनंती आहे: आपल्या शिवारात टोळ्या कुठं उतरल्या आहेत त्याची यादी आधीच करा आणि प्रगणकाला तिथंवर घेऊन जा. टोळ्या पाठवणाऱ्या गावांनी मुकादमांकडून कोण कुठे गेले ते लिहून ठेवावे.

घाबरू नका

"खरं सांगितलं तर कर लागेल, सवलत जाईल," अशी कुजबुज दरवेळी होते. 1948 च्या जनगणना कायद्याने प्रत्येकाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. यंदा सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय 30 एप्रिल 2025 रोजी झाला आहे, तेही जे असेल ते सांगावे.

बंधूंनो, पेरलेलं मोजता, उगवलेलं मोजता, बाजारात माप कमी पडलं तर भांडता. घरच्या माणसांचं मापही तितक्याच दक्षतेने घ्या. फेब्रुवारीआधीच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या, आणि त्या सभेला बायकांना पुढे बसवा.