दाण्यावरची रेघ

संपादकांनी मुरघासावर, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावर, लिहायला सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुट्टी यंत्र होतं. संगमनेर तालुक्यातल्या त्या वस्तीवर पोचलो, तर ट्रॅक्टरला जोडलेलं यंत्र बांधावर गप्प उभं होतं आणि ते चालवणारे मामा मक्यात शिरले होते. बाहेर आले ते हातात कणीस घेऊन. सोललं, मधोमध मोडलं आणि शेंड्याकडचा तुकडा माझ्यापुढे धरला. "रेघ दिसती का, दादा?"

दिसली. दाण्याचा वरचा भाग गडद पिवळा, खालचा फिकट, आणि दोहोंमधून गेलेली आडवी रेघ. मामांनी वर नख रोवलं, ते रुतलं नाही. खाली रोवलं, तर चीक उडाला. "अजून पाव दाण्यावरच हाय. पाच-सहा दिवस थांबा म्हणलं मालकाला."

मका मुरवण्याची रीत फ्रान्समधल्या ऑगस्त गोफार यांनी 1877 साली पुस्तकात मांडली. चारा टिकवण्याच्या पद्धतीवर काम करणारे फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांना 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तत्त्व मात्र आपल्या विरजणाचंच. हवा कोंडली की जिवाणू कुट्टीतली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि कुजणं थांबतं.

पण विरजण कितीही चांगलं असलं तरी दूध पातळ असेल तर दही घट्ट लागत नाही. इथे ते दूध म्हणजे कापणीच्या दिवशीचा मका. पानांनी केलेली साखर दाण्यात येऊन पिष्ट होते आणि दाणा वरून खाली घट्ट होत जातो. रेघ निम्म्यावर किंवा दोन तृतीयांशावर आली की साधारणपणे अख्ख्या ताटात 30 ते 35 टक्के शुष्क पदार्थ असतो. काही गोठ्यांवर शंभर ग्रॅम कुट्टी पूर्ण वाळवून तोलतात. बत्तीस ग्रॅम उरली, तर यंत्र लावायचं.

आधी कापलं तर पाण्याबरोबर साखर आणि प्रथिनं मुरघासाच्या बॅगेच्या तळातून गळतात. नको ते जिवाणू माजतात, खवट लोण्यासारखा वास येतो आणि गाय गव्हाणीतून तोंड काढून घेते. पिष्ट भरलेलं नसल्यामुळे भरड्याचा खर्चही वाढतो. उशीर झाला तर ताट लाकडासारखं होतं, तुडवून दाबलं तरी हवा उरते, ढीग तापतो, बुरशी धरते. न फुटलेला टणक दाणा शेणातून जसाच्या तसा बाहेर पडतो. या दोन नुकसानांच्या मध्ये मिळतात जेमतेम आठ-दहा दिवस. उन्हाळ्यात त्याहून कमी.

आणि हे दिवस शेतकऱ्याच्या हातात नसतात. शिवारातला मका एकदमच येतो, यंत्रासाठी रांग लागते. आभाळ भरून आलं की कच्चाच कापतात. पुढे कांद्याची रोपं तयार असली की रान मोकळं करायची घाई होते. त्यात 2018 पासून अमेरिकन लष्करी अळी आली आहे. तिने पोखरलेल्या कणसाला बुरशी लागते, आणि काही बुरशींचं विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती वजनकाट्यावर. मका विकला जातो टनावर आणि हिरवा मका वजनाला जास्त भरतो. 25 टक्के शुष्क पदार्थाच्या टनात गाईला 250 किलो खरा चारा मिळतो, 33 टक्क्यांच्या टनात 330. दर मात्र एकच. मग पिकवणाऱ्याने रेघेची वाट का पाहावी? त्याची चूक नाही, हिशेबाची आहे.

हाच शेतकरी सकाळी डेअरीवर दूध घालतो तेव्हा दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर. तिथे पाण्याला भाव नाही, हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. मग त्याच गाईच्या तोंडी जाणारा चारा पाण्यासकट का तोलायचा? मुरघासाचा दरही शुष्क पदार्थावर ठरायला हवा.

मामा तिसऱ्या दिवशीच त्या रानात उतरले. पावसाचा अंदाज होता आणि मालकाने दोनदा फोन केला होता. यंत्र सुरू करण्याआधी त्यांनी एक कणीस मोडून पाहिलं, माझ्या हातात दिलं आणि काही न बोलता ट्रॅक्टरवर चढले. रेघ अजून निम्म्यावर आली नव्हती.