लायब्ररीचं नाव आणि लायब्ररीचा पत्ता

तर मंडळी, तत्त्वज्ञानाचा माणूस बिल्डच्या भानगडीत कसा पडला? नातवामुळे. माझी स्कॅन केलेली टिपणं आकाराने लहान करून ठेवायला त्याने एक प्रोग्राम लिहिला. त्याच्या लिनक्सवर छान चालला. माझ्या विंडोजवर बिल्डच होईना.

प्रोग्राम झेडलिब वापरत होता. झेडलिब म्हणजे डेटा दाबून लहान करणारी, 1995 पासूनची, कुणालाही मोफत वापरता येणारी लायब्ररी. आता बघा, वस्तू एकच. पण लिनक्सवर तिची फाइल 'डॉट एसओ', मॅकवर 'डॉट डायलिब' आणि विंडोजवर बहुधा दोन फायली: लिंक करताना 'डॉट लिब', चालवताना 'डॉट डीएलएल'. नातवाने आपल्या लॅपटॉपवरच्या फाइलचा अख्खा पाथच सीमेकच्या फाइलीत लिहिला होता! आमच्या न्यायशास्त्रात पद वेगळं, पदार्थ वेगळा. याने पदाच्या जागी त्याच्या घरातली वस्तूच आणून ठेवली.

सीमेक 2000 च्या सुमारास अमेरिकेत किटवेअरमध्ये सुरू झालं, ते वैद्यकीय प्रतिमांवर काम करणारी आयटीके ही लायब्ररी अनेक प्लॅटफॉर्मवर बिल्ड करता यावी म्हणून. त्यात पाथ लिहायचा नसतो. 'फाइंड पॅकेज' म्हणायचं, झेडलिब मागायची आणि पुढे 'रिक्वायर्ड' लिहायचं. म्हणजे ती नसेल तर काम सुरुवातीलाच थांबतं. सापडली की 'झेडलिब::झेडलिब' असं टार्गेट मिळतं. ते 'टार्गेट लिंक लायब्ररीज'मध्ये दिलं की हेडरचा फोल्डरसुद्धा त्याच्याबरोबर येतो, बरं का. तिथेच पब्लिक की प्रायव्हेट, हेही सांगायचं. आपल्या हेडरमध्ये झेडलिब दिसत असेल तर पब्लिक, नुसती आत वापरली असेल तर प्रायव्हेट. आपलं परावलंबन दुसऱ्याच्या गळ्यात किती घालायचं, हा तो प्रश्न.

विंडोजवर झेडलिब आधी आणून ठेवावी लागली. ती कुठे आहे हे 'सीमेक प्रिफिक्स पाथ'मधून सांगितलं, तेही कमांड देताना. फाइलीत लिहिलं असतं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बिल्ड झाला. मी हर्षाने प्रोग्राम उघडला, तर डीएलएल सापडत नाही! लिंकरने फक्त एवढीच नोंद केलेली असते की अमुक नावाची डीएलएल लागेल. प्रत्यक्ष शोध प्रोग्राम सुरू होताना लागतो. ती डीएलएल प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये कॉपी केली, तेव्हा कुठे तो चालला. नातू म्हणाला, "आजोबा, लिनक्स घ्या." मी म्हटलं, आधी तुझी फाइल मॅकवर चालवून दाखव.