गुरुजींच्या तळटीपा

वैद्यकातला किंवा भौतिकशास्त्रातला शोधनिबंध छापण्याजोगा आहे की नाही, हे त्या विषयातले मुरलेले लोक ठरवतात. अमेरिकेतल्या कायद्याच्या जगात मात्र हा अधिकार बहुतांशी विद्यार्थ्यांच्या हाती आहे. तीस वर्षं राज्यघटना शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी लेख पाठवायचा आणि कायद्याच्या वर्गात पाऊल टाकून जेमतेम दीड वर्ष झालेल्या पोराने तो परत करायचा, असा हा उलटा कारभार. त्याचं सर्वांत मानाचं ठाणं म्हणजे ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’.

एप्रिल 1887 मध्ये पहिला अंक निघाला. आता नोव्हेंबर ते जून, वर्षाला आठ अंक निघतात. कचेरी गॅनेट हाऊस या 1838 सालच्या पांढऱ्या इमारतीत. कोणता लेख घ्यायचा, कुठे कात्री लावायची, हे सगळं विद्यार्थीच ठरवतात.

इथे शिरायचं तर पहिल्या वर्षाची परीक्षा आटोपल्यावर आणखी एक परीक्षा द्यावी लागते. बाकीचे सुट्टीला निघालेले असतात, तेव्हा इच्छुकांच्या हाती कागदांचा जाडजूड गठ्ठा पडतो. त्याबाहेरचं काही वाचायची मुभा नाही. एका ताज्या न्यायनिर्णयावर टिपण लिहायचं आणि एका अप्रकाशित लेखाचा तुकडा तपासून दुरुस्त करायचा. उत्तरावर नाव नसतं. साडेपाचशेच्या आसपासच्या तुकडीतून पन्नासेक जण निवडले जातात. पूर्वी नुसत्या गुणांवर निवड होई. पुढे स्पर्धा आली, आणखी निकष आले, त्यावरून कोर्टकज्जेही झाले. 2025 मध्ये तर केंद्र सरकारने चौकशीच लावली. एवढी झुंबड का? तर मोठ्या न्यायमूर्तींच्या हाताखालची उमेदवारी आणि बड्या फर्मची नोकरी, दोन्हींकडे बायोडेटातली ही एक ओळ वजन टाकते.

आत गेल्यावर मात्र वाट्याला येते ती हमाली. समजा, लेखकाने लिहिलंय, ‘बहुतेक राज्यांनी हा नियम सोडून दिला आहे,’ आणि खाली तळटीप दिली आहे. विद्यार्थ्याने तो मूळ ग्रंथ काढायचा, नेमकं पान उघडायचं आणि मोजायचं: पन्नासांपैकी किती राज्यं? तिथे अठराच निघाली तर ‘बहुतेक’ गेलं. तळटीपेच्या सुरुवातीच्या खुणेचीही झडती होते. निर्णयाचं नाव नुसतं दिलं, तर ते विधान त्या निर्णयात थेट आहे असा दावा होतो. आधी ‘सी’ लावलं तर ते तिथे शब्दशः नाही, पण त्यातून उघड निघतं. ‘बट सी’ म्हणजे विरुद्ध बाजूचा आधार. घाईत असलेले प्राध्यापक ‘सी’च्या आडोशाला बरंच काही खपवतात. ते पकडणं हे या पोरांचं खरं काम, आणि लेखात शे-दोनशे तळटीपा सहज असतात.

या सगळ्याचं धर्मशास्त्र म्हणजे ‘ब्लूबुक’. 1926 मध्ये ते 26 पानांचं होतं. आता पाचशेच्या वर गेलंय. ‘सी’नंतरचा स्वल्पविराम तिरका छापायचा की सरळ, इथपर्यंत त्यात नियम आहेत. न्यायाधीश रिचर्ड पॉझ्नर यांनी 2011 मध्ये त्याची यथेच्छ टर उडवली. त्यांच्या स्वतःच्या कचेरीत हे काम दोन-तीन पानांच्या सूचनांवर भागत असे. पॉझ्नर यांचं म्हणणं पटतं. स्वल्पविरामाच्या कलाने पृथ्वी फिरत नाही. पण पान उघडून पाहण्याची सवय त्या स्वल्पविरामांसोबतच लागते, हेही नाकारता येत नाही.

माझा आक्षेप निवडीवर आहे. इथे एकच लेख एका वेळी डझनावारी नियतकालिकांना पाठवायची रीत आहे. एखाद्या दुय्यम ठिकाणाहून होकार आला की लेखक तो वरच्या ठिकाणी दाखवतो आणि ‘आता लवकर सांगा’ म्हणून तगादा लावतो. मग तिथून आणखी वर. या घासाघिशीत वीस-बावीस हजार शब्दांचा लेख शांतपणे वाचायला वेळ कुणाला? साहजिकच लेखकाच्या विद्यापीठाचं नाव बघण्याचा मोह होतो. येलचे प्राध्यापक फ्रेड रोडेल यांनी 1936 मध्येच या नियतकालिकांना जाहीर रामराम ठोकला होता. गंमत म्हणजे तो लेखही अशाच एका विद्यार्थी-नियतकालिकाने छापला.

तरीही या कारखान्यातून निघालेला एक लेख थेट आपल्यापर्यंत पोचला. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाईस हे बॉस्टनमधले वकील, एकेकाळचे भागीदार आणि हार्वर्डचेच माजी विद्यार्थी. वृत्तपत्रं माणसाच्या घरात डोकावतात, त्याविरुद्ध कायद्याने काय करावं, यावर त्यांनी डिसेंबर 1890 च्या अंकात लिहिलं. खंड चौथा, पान 193. खासगीपणाच्या हक्काची चर्चा आजही तिथून सुरू होते. ऑगस्ट 2017 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात हा हक्क मूलभूत ठरवला, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात त्या लेखाचा ऊहापोह झाला.

बराच काळ हा गोऱ्या मुलग्यांचा अड्डा होता. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला पहिले कृष्णवर्णीय संपादक झाले. पुढे शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या कोर्टलढ्याची आखणी त्यांनी केली. अध्यक्षपदी पहिली स्त्री, सुझन एस्ट्रिच, यायला 1976 उजाडलं. अध्यक्षाची निवडणूक दिवसभर चालते. मतदार खोलीत खल करत बसतात आणि उमेदवार त्यांच्यासाठी स्वयंपाक करतात, ही तिथली जुनी रीत. 1990 मध्ये त्यातून बराक ओबामा निवडून आले, पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणून.

विद्यार्थ्यांचं स्वतःचं लेखन मात्र तिथे निनावी छापतात. आईच्या निष्काळजीपणाने गर्भाला इजा झाली, तर मुलाला पुढे आईवर दावा लावता येईल का, यावरच्या इलिनॉयच्या एका निकालावर ओबामांनी असंच सहा पानी टिपण लिहिलं होतं. ते त्यांचं आहे हे जगाला कळलं 2008 च्या निवडणुकीत, वार्ताहरांनी शोधून काढलं तेव्हा.