चुडा

 चुडा म्हटलं की आधी हातभर बांगड्याच डोळ्यांपुढे येतात. लग्नात कासाराकडून हौसेनं भरलेला हा चुडा नवरा गेला की त्याच हातांवर फोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी उतरवतात. रडारडीत एखादी काच मनगटात रुतली तरी तिच्याकडे बघायला कुणाला भान नसतं.

दुःख बाईच्या अंगावर दिसलंच पाहिजे, हा हट्ट एकट्या आपला नव्हे. 14 डिसेंबर 1861 रोजी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट वारला आणि तिनं काळे कपडे घातले, ते 1901 मध्ये मरेपर्यंत. तिचं पाहून इंग्लंडात दुखवट्याचं शास्त्रच कडक झालं. विधवेनं साधारण दोन वर्षं काळ्या क्रेप कापडात राहायचं, मग हळूहळू राखाडी, जांभळट रंगाकडे यायचं. पत्राच्या कागदाला काळी किनार. दागिने व्हिटबी गावच्या जेट या काळ्या खड्याचे. पुरुषाचं मात्र काळ्या फितीवर भागत असे.

मेलेल्या माणसाचे केस तिथं जपून ठेवत. त्यांची नाजूक वीण करून लॉकेटात, ब्रोचमध्ये बसवत. त्याच काळात महाराष्ट्रात, मुख्यतः ब्राह्मण घरांत, जिवंत विधवेचे केस उतरवले जात होते आणि तिला लाल आलवण नेसवलं जात होतं. राणीसारख्या काही सोडल्या तर इंग्रज विधवेचा काळा रंग कधीतरी संपायचा, हवं तर ती पुन्हा लग्न करायची. आलवणाला मुदत नव्हती. या अन्यायाविरुद्ध वस्तरा चालवणारेच उठले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं 1890 मध्ये मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. आपल्या इतिहासातलं हे पान शाळेत ठळकपणे शिकवायला हवं.

केशवपन गेलं. काळी चौकट मात्र वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत राहिली, तिथून चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर आणि मोबाइलच्या स्टेटसवर आली. निधनाच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडायची पद्धत पोस्टकार्डांबरोबरच मागे पडली. चुडा फोडणं तेवढं चिवट निघालं.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो आठवडा होता. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. या मोहिमेमागे होते करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे. करोनाकाळात एक सहकारी वारला, तेव्हा त्याच्या पत्नीच्या बांगड्या जबरदस्तीनं फोडताना त्यांनी पाहिलं होतं. आपल्या मागे आपल्या बायकोवर ही वेळ आणू नये, हे त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलं आहे.