गुडघा वाचवणारे संशोधन

दुखापत हा नशिबाचा भाग आहे, ही समजूत मैदानावर अजूनही पक्की असली, तरी दुखापतींना कारणे असतात आणि त्यांतली बरीचशी टाळता येतात, या विश्वासावर क्रीडावैद्यकातील एक स्वतंत्र शाखा उभी आहे. तिची कार्यपद्धती विलेम व्हान मेखेलेन आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली: दुखापती किती होतात हे मोजायचे, त्या कशा घडतात हे शोधायचे, त्यानुसार उपाय योजायचा आणि पुन्हा मोजून तो लागू पडला का, हे पाहायचे.

नॉर्वेतील महिला हँडबॉलमध्ये या पद्धतीचा कस लागला. वेगात दिशा बदलताना किंवा उडीनंतर एका पायावर उतरताना ‘एसीएल’, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पुढचा अस्थिबंध, तुटण्याचे प्रमाण या खेळात पुरुषांपेक्षा महिलांमध्ये बरेच अधिक आढळले. ओस्लोच्या संशोधकांनी चित्रफितींचे बारकाईने विश्लेषण केले, तेव्हा जवळजवळ सरळ असलेला गुडघा आत कलतो आणि पाऊल टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत ही इजा होते, असे दिसले. एवढ्या अवधीत स्वतःला सावरणे कोणत्याही खेळाडूला शक्य नसते. म्हणूनच गुडघा पावलाच्या रेषेत ठेवण्याची सवय सरावातच अंगी बाणवावी लागते.

अशा सरावाची कसोटी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. १२० क्लबांतील १,८३७ किशोरवयीन खेळाडूंच्या या अभ्यासात कोणत्या क्लबांनी तोल, ताकद आणि उतरण्याचे तंत्र सुधारणारा १५ ते २० मिनिटांचा वॉर्म-अप करायचा, हे यादृच्छिक निवडीने ठरवले गेले, आणि त्या क्लबांत घोटा व गुडघ्याच्या तीव्र दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. मात्र वरिष्ठ महिला संघांतील अशाच एका मोहिमेनंतर पाठपुरावा थांबताच एसीएलच्या दुखापती पुन्हा वाढल्या. प्रशिक्षकाने उपाय रोजच्या सरावात रुजवला नाही, तर उत्तम शोधनिबंधही खेळाडूच्या उपयोगी पडत नाही. संशोधक कॅरोलाइन फिंच यांनी २००६ मध्ये या रुजवण्यालाच संशोधनाचा विषय मानले, ही या क्षेत्रातील फार मोलाची भर होय.

या कामात फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर, शरीराच्या हालचालींमागील बलांचा अभ्यास करणारे जैवयांत्रिकीतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एकत्र येतात. मूळ पदवी कोणतीही असो, संशोधकाला संख्याशास्त्र टाळता येत नाही. पकडीच्या झटापटीत गुडघे पिळवटणारी कबड्डी हे महाराष्ट्रातील अशा अभ्यासकांचे हक्काचे क्षेत्र ठरावे. तिथे पहिले काम म्हणजे दुखापतीची एकच व्याख्या ठरवून, मातीवरच्या आणि मॅटवरच्या सामन्यांची वेगवेगळी नोंद, खेळाच्या तासांसह, हंगामभर ठेवणे.