थॉर्प, रॉबिन
(२६ ऑगस्ट १९३३ – ७ जून २०१९). अमेरिकन कीटकवैज्ञानिक. बंबल बी या जाड, केसाळ मधमाश्यांच्या अभ्यासाबद्दल प्रसिद्ध. जन्म मिशिगन राज्यात. त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाची (बर्कली) पीएच्.डी. मिळविली (१९६४) व त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत १९९४ पर्यंत अध्यापन केले. निवृत्तीनंतर, १९९८ पासून, दक्षिण ऑरेगन व उत्तर कॅलिफोर्निया एवढ्याच प्रदेशात आढळणाऱ्या बाँबस फ्रँक्लिनाय या जातीची ते पाहणी करीत. तिची संख्या झपाट्याने घटली. २००६ मध्ये ॲशलँड पर्वतावर त्यांना तिची एकच कामकरी माशी दिसली. हीच तिची अखेरची नोंद ठरली. व्यापारासाठी पाळलेल्या बंबल बींमधून पसरलेला रोग या ऱ्हासास कारणीभूत असावा, असे त्यांचे अनुमान होते. अमेरिकेने ही जाती २०२१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, संकटग्रस्त म्हणून घोषित केली.